कार्पेंटर्स: हिट सोडून काय ऐकावं, आणि कोणती आवृत्ती?

खर्ज
मंडळी, कार्पेंटर्स या अमेरिकन भावंडांची, म्हणजे रिचर्ड आणि कॅरनची, 'क्लोज टू यू', 'यस्टरडे वन्स मोअर', 'टॉप ऑफ द वर्ल्ड' सगळ्यांना पाठ असतात. जाणकार मात्र अल्बमच्या कोपऱ्यात पडलेल्या गाण्यांवर जीव टाकतात. का? आणि सुरुवात कुठून करावी? उपप्रश्न: एकच गाणं दोन ठिकाणी वेगळं वाजतं, बेस वेगळा, पियानो वेगळा. ही काय भानगड आहे? त्यांच्या कोरसची (मागे एकत्र गाणाऱ्या आवाजांची) रीत कुणी नीट सांगितली तर घरी करून बघता येईल.

बी_साइड
का, तर सामान कमी म्हणून. हिट गाण्यांत रिचर्ड तंतुवाद्यं आणि कोरस असे थर चढवत जातो. मागे राहिलेल्या गाण्यांत ते थर पातळ आहेत, त्यामुळे कॅरनचा खालचा आवाज उघडा ऐकू येतो. तिची खरी दौलत तिथेच.

पहिलं 'धिस मास्करेड' ('नाऊ अँड देन', १९७३). लिऑन रसेलची रचना. 'प्लीज मिस्टर पोस्टमन'च्या सिंगलवर मागच्या बाजूला टाकली होती, म्हणजे लायकीपेक्षा फारच खाली. मधली बासरी बॉब मेसेंजरची आणि ड्रम्स कॅरनचेच. एकदा फक्त ड्रम्सकडे कान ठेवून ऐका. कुठेही दाखवेगिरी नाही.

मग 'समटाइम्स' (१९७१). चाल हेन्री मॅन्सिनी यांची, शब्द त्यांच्या मुलीचे. जवळपास नुसत्या पियानोवर गायलंय, श्वास कुठे घेतला तेही कळतं. त्यानंतर 'ऑर्डिनरी फूल'. हे १९७६ला रेकॉर्ड झालं आणि कॅरन गेल्यावर, १९८३च्या 'व्हॉइस ऑफ द हार्ट'मध्ये बाहेर आलं. इतकं चांगलं गाणं सात वर्षं कपाटात कसं राहतं, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

१९६९चा पहिला अल्बम मात्र शेवटी ठेवा. कच्चा आहे.

पाचमात्रा
बाकी सगळ्याला +१, शेवटच्या ओळीला नाही. कच्चा आहे म्हणूनच तो आधी ऐकायचा. त्यातलं 'ऑल आय कॅन डू' पाच मात्रांचं आहे. केरव्याच्या सवयीने टाळी दिलीत तर दुसऱ्याच आवर्तनात सम निसटते. एक ते पाच मोजत ऐका, मग मजा कळते. पुढच्या, १९७०च्या अल्बमचा शेवट 'अनदर साँग'ने होतो. शब्द संपल्यावर बँड जवळपास जॅझमध्येच शिरतो. या दोघांना 'गुळमट' म्हणणाऱ्यांना हेच ऐकवावं. त्याच अल्बममधलं 'क्रेसेंट नून' याच्या अगदी उलट, संथ आणि उदास. ते गाताना कॅरन जेमतेम वीस वर्षांची होती.

'पॅसेज' (१९७७) चुकवू नका. 'आय जस्ट फॉल इन लव्ह अगेन' त्यातलंच. कार्पेंटर्सनी ते सिंगल म्हणून काढलंच नाही, १९७९मध्ये अ‍ॅन मरेने ते हिट केलं. 'बी'वाना शी नो होम'चे शब्द आज खटकतात, पण जीन प्युरलिंगने केलेली आवाजांची बांधणी अभ्यासाची आहे.

ट्रॅक_नऊ
आवृत्त्यांबद्दल. रिचर्डला जुन्या कामात सतत हात घालायची सवय. पुढच्या काळात त्याने बरीच गाणी रिमिक्स केली, काहींत वाद्यं नव्याने वाजवून घेतली. कॅरनचा आवाज जुनाच, भोवतालचं सामान नवं. एकत्रित संग्रहांत बहुतेक वेळा ही बदललेली रूपं असतात. मूळ ऐकायचं असेल तर संग्रह टाळा, अल्बमच्या नावाने शोधा.

ओळखायला सोपा नमुना 'ऑल ऑफ माय लाइफ'. १९६९च्या मूळ मिक्समध्ये बेस खुद्द कॅरनने वाजवलाय, नंतरच्यात तो बेसवादक जो ऑस्बर्न यांचा आहे. दोन्ही लागोपाठ लावा, हेडफोनवर पहिल्या अंतऱ्यातच फरक कळेल. 'तिकीट टू राइड' आणि 'टॉप ऑफ द वर्ल्ड' ही वेगळी केस आहे. १९७३च्या आवृत्त्यांसाठी कॅरन ती पुन्हा गायली, तेव्हा तिथे आवाजही वेगळा.

ओव्हरडब
कोरस. ते दोघंच सगळे सूर गायचे आणि प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन थर चढवायचे. घरी करायचं तर सुरांच्या चार ओळी (एकाच वेळी वाजणारे चार वेगळे सूर), प्रत्येक तीनदा, म्हणजे १२ ट्रॅक.

एकच ट्रॅक कॉपी करून खाली चिकटवू नका. तंतोतंत कॉपीने आवाज फक्त ६ डेसिबलने वाढतो, जाड होत नाही. जाडी येते ती दर वेळच्या बारीक फरकातून. म्हणूनच पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर सरळ करणं) पूर्ण ताणलं की तिन्ही ट्रॅक एक होतात आणि कोरस पत्र्यासारखा वाजतो.

सगळ्यात जास्त बिघडतात 'स', 'ट', 'क'. बारा तोंडांतून 'स' पुढेमागे आला की फुसफुस ऐकू येते. शब्दाच्या शेवटचं व्यंजन एकाच ट्रॅकवर उच्चारा, बाकीच्यांत स्वरावरच थांबा. श्वासही एकाच ट्रॅकवर ठेवा. मुरक्या, मींड, कंप बंद, सूर सरळ हवा.

आपल्याकडची खास अडचण: तंबोऱ्यावर तयार झालेला गळा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरता लावतो. एकट्याला तो गोड वाटतो, पण पियानोवर बारा थर चढले की बेसूर. तेव्हा कानात तंबोरा नको, पियानो घ्या.

प्रत्येक ओळीचा एक ट्रॅक मधोमध, दोन डावी-उजवीकडे. कोरसमध्ये १२० हर्ट्झच्या खालचं कापा, मुख्य आवाजात ८०च्या खालचं.

खर्ज
भरपूर मिळालं, आभार. एक राहिलं: मूळ पट्टी बहुतेक बायकांना फार खाली जाते. दोन-तीन स्वर वर घेतली तर चालेल?

ओव्हरडब
कार्यक्रमात चालेल, पण रंग जातो. ही गाणी मुद्दाम खालच्या पट्टीत बसवलेली आहेत. आधी मूळ पट्टीत माइकच्या जवळ, चार-पाच बोटांवर, पॉप फिल्टर लावून हळू गाऊन बघा. जवळ गेलं की माइक खर्ज आपोआप भरतो, जोर लावायची गरज पडत नाही. घुमायला लागलं तर २५० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल उतरवा. तरीही खालचा स्वर हवेत विरत असेल तर पट्टी चढवा, पण एकदम तीन स्वर नको. आधी अर्धा स्वर, मग एक, आणि जिथे तो स्वर धरता येईल तिथे थांबा.