प्रति: बिडीचं काम बसूनच तर असतं

वर कुणीतरी म्हटलंय, हमालीपुढे बिडीकाम म्हणजे आराम, बसल्या जागी तर करायचं. अजिबात पटलं नाही. सोलापुरात मजुरी 1000 बिड्यांवर ठरते. आठ तासांत तेवढ्या करायच्या तर एका बिडीला जेमतेम 29 सेकंद मिळतात. तेवढ्यात तंबाखू भरा, वळा, तोंड दुमडा, दोरा बांधा. शिवाय तेंदूची पानं भिजवणं, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापणं, शिरा काढणं वेगळंच. पान कमी भिजलं तर वळताना तडकतं, जास्त ओलं राहिलं तर बुरशी धरतं, आणि कारखान्यात तपासणीला बिडी छाटली गेली की ती मेहनत फुकट. मांडीवर सूप, मान सतत खाली, नाकातोंडात तंबाखूची धूळ. याला आराम कसं म्हणायचं?