ग्रीक 'डॉक्सा'ला मराठीत काय म्हणावं? मत, समज की आणखी काही?

ओसरी: मंडळी, प्लेटोच्या 'थिएटिटस' या संवादातला एक उतारा अडलाय. आमच्या वाचनगटासाठी मराठीत आणतेय. सॉक्रेटिस म्हणतो ते साधारण असं: कुणाला तरी लुबाडलं, मारहाण झाली. काय घडलं ते डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच कळणार. पण कोर्टात वक्ता उभा राहतो, वेळ मोजणाऱ्या घड्याळातलं पाणी गळत असतं, तेवढ्या वेळात तो ऐकणाऱ्यांना पटवतो आणि ते निकालही बरोबर देतात. मग त्यांच्यापाशी काय होतं? 'एपिस्टीमी', म्हणजे ज्ञान, नव्हतं. खरं 'डॉक्सा' होतं.

मी 'खरं मत' लिहिलं. गटातल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे मनापासून दिलेलं मत का?" आता बोला! 'तुझं खरं मत सांग' म्हणजे मनातलं सांग. ते साफ चुकीचं असलं तरी खरंच. 'सत्य मत' लिहावं तर परिभाषा कोशाचा वास येतो.

खडीसाखर: 'समज' घे ना सरळ. खोट्या डॉक्साला तर 'गैरसमज' आयताच आहे.

तिरपागडा: 'पोलिसांनी समज देऊन सोडून दिले.' म्हणजे डॉक्सा देऊन सोडलं?

खडीसाखर: ती समज वेगळी रे. लिंग बघ. 'माझा असा समज होता', हा तो समज. डोक्यात बसलेली गोष्ट, बरोबर असेल नाहीतर नसेल. 'पोरीला वयाच्या मानाने चांगली समज आहे', ही ती समज. पोच, अक्कल. पोलीस देतात ती दुसरी. अ‍ॅरिस्टॉटलचं 'फ्रोनेसिस' म्हणजे कुठे कसं वागावं हे कळणं. त्याला मी डोळे मिटून 'ती समज' म्हणेन. डॉक्साला 'तो'.

लेखनिक: लिंगाचा मुद्दा पटला, पण अडचण राहतेच. पुल्लिंगी 'समज' आला की चूक ठरलेलीच असते. 'लोकांचा समज आहे की…' असं वाक्य सुरू झालं की पुढचा 'पण' ऐकू यायला लागतो. प्लेटोला तर इथे बरोबर निघालेलं डॉक्सा हवंय. त्याच्याच 'मेनो' या संवादातलं उदाहरण घ्या. लारिसा या शहराचा रस्ता स्वतः कधी न गेलेला, पण अंदाज बरोबर असलेला माणूस तुम्हाला लारिसाला व्यवस्थित पोचवतो. त्याचा 'समज' होता म्हटलं तर वाचक समजेल, हे चुकले!

ओसरी: हेच, हेच मला म्हणता येत नव्हतं.

विसर्ग: आपल्या परंपरेत शब्द असताना शोधाशोध कशाला? न्यायदर्शनात यथार्थ अनुभव म्हणजे प्रमा. 'यथार्थ मत' म्हणा. मात्र एक गंमत आहे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या मते शब्द हेही प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन. आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या बोलण्यातून जे कळतं ते ज्ञानच. त्यामुळे 'प्रत्यक्ष पाहिलं नाही म्हणून ज्ञान नाही' हे सॉक्रेटिसचं म्हणणं न्यायसूत्रं लिहिणाऱ्या गौतमांच्या पाठशाळेत सहज पास झालं नसतं.

पुढची तारीख: वकील आप्त कधीपासून झाला? तीस वर्षं या धंद्यात आहे, मला अजून कुणी आप्त म्हटलेलं नाही.

विसर्ग: तेच तर. तिथे वक्ता आप्त नाही, म्हणून ज्ञान नाही. पाहिलं नाही म्हणून नव्हे. कारण बदलतं.

पुढची तारीख: हे मात्र झकास. ताईंना एक सूचना. ऐकणाऱ्यांना 'न्यायाधीश' करू नका. अथेन्समध्ये आपल्यासारखे न्यायाधीश नव्हतेच. तिशी ओलांडलेले नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, मोठ्या खटल्याला पाचशेच्या घरात. दिवसाला तीन ओबोल (तिथली नाणी) भत्ता. आपसात चर्चा नाही, दोन्ही बाजू ऐकल्या की थेट मतदान. इ.स.पू. चौथ्या शतकातली पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या, मधे दांडी. एकीची दांडी पोकळ, ती फिर्यादीची. दुसरीची भरीव, ती आरोपीची. दांडीची टोकं अंगठ्या-बोटात धरायची, म्हणजे कुठली टाकली ते शेजाऱ्याला दिसत नाही. सॉक्रेटिसला इ.स.पू. ३९९मध्ये अशाच साध्या लोकांनी दोषी ठरवलं. प्लेटो 'पटवणं' आणि 'शिकवणं' यांत एवढा फरक करतो, त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

ओसरी: मग 'पंच'?

पुढची तारीख: पंच म्हटलं की पंचनामा आठवतो, नाहीतर क्रिकेट. 'ज्युरी' ठेवा. नानावटी खटल्यामुळे मराठी माणसाला तो शब्द पाठ आहे. तिथेही ज्युरीने आरोपी नानावटीला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टात सगळं फिरलं.

लेखनिक: 'न्याय' हा शब्दच ग्रीकांसाठी अपुरा पडतो, हेही बघायला हवं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये शोध आहे 'दिकाइओसिने'चा, ज्याला आपण 'न्याय' म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे न्याय मिळतो, मागतात, नाकारतात. तो बाहेर, कोर्टात असतो. दिकाइओसिने माणसाच्या आतही असते. मनाच्या तिन्ही भागांनी, म्हणजे बुद्धी, तेज आणि वासना यांनी, आपापलं काम करायचं, दुसऱ्याच्यात लुडबूड करायची नाही. 'अमक्याच्या मनात न्याय आहे' असं आपण बोलतो का? फार तर 'न्यायी माणूस'.

विसर्ग: 'आपापलं काम करणं' म्हणजे स्वधर्म.

खडीसाखर: नको! स्वधर्म लिहिलात की वर्णव्यवस्था मागोमाग आलीच. माणसं जन्मतः सोन्याची, चांदीची नाहीतर लोखंडाची असतात, या प्लेटोच्या गोष्टीत लोखंडी आईबापांचं पोर सोन्याचं निघू शकतं, आणि निघालं तर त्याला वर न्यायचं असतं. हे स्वधर्मात बसवून दाखवा.

विसर्ग: शब्दाचा दोष नाही, वापरणाऱ्यांचा आहे.

खडीसाखर: शब्द वापरणाऱ्यांचाच असतो.

तिरपागडा: भांडू नका. 'निवाडा' घ्या. निवडणे-निवाडा. खडे बाजूला, तांदूळ बाजूला.

लेखनिक: गंमत म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलने नेमकी हीच व्युत्पत्ती ग्रीकात लावलीय. 'दिखा' म्हणजे दोन भागांत, म्हणून 'दिकाइऑन', म्हणजे न्याय्य. न्याय करणारा म्हणजे बरोबर दोन भाग करणारा. भाषाशास्त्राला मात्र हे मान्य नाही. 'दिके', म्हणजे न्याय, हा मूळ ग्रीक शब्द आपल्या 'दिश्' धातूच्या घरातला, म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, निर्देश त्याचेच भाऊबंद.

विसर्ग: पाहा! आणि तुम्ही ज्युरी-ज्युरी करताय.

पुढची तारीख: पाहिलं. पण पक्षकार माझ्याकडे येऊन 'निर्देश द्या' म्हणत नाही, 'कोर्टात दाद मागायची आहे' म्हणतो. फारसीत दाद म्हणजे न्यायच. मैफलीत देतो ती दादही तीच. गवयाच्या हक्काचं त्याच्या पदरात टाकलं.

विसर्ग: मैफलीत चालेल. तत्त्वज्ञानाच्या भाषांतरात फारसी नको.

पुढची तारीख: बरं. मग दावा, वकील, फिर्याद, कैफियत, हक्क, जामीन, सगळे काढा. कोर्टात फक्त खुर्ची उरेल. तीही अरबी.

विसर्ग: आसन म्हणा. न्यायासन.