विषय : बापूंच्या घराची किल्ली (तातडीचे)

प्रेषक : बापू, एव्हन्स्टन
मंगळवार, सकाळी ७.४०

सप्रेम नमस्कार.

आम्ही येत्या शनिवारी, २० डिसेंबरला, पुण्याला निघत असून २६ जानेवारीला कॅलगरीत परतू. रविवारी नानांना काय झाले ते बहुतेकांना कळले आहेच, त्यामुळे त्यांनी रोज आमच्या घरात डोकावून जायचे ठरले होते ते अर्थातच रद्द झाले आहे आणि माझ्या हाती चारच दिवस उरले आहेत. आमच्या विमापत्रात स्पष्ट अट आहे की थंडीच्या मोसमात घर सलग चार दिवसांहून अधिक बंद राहणार असेल, तर एखाद्या जबाबदार माणसाने रोज आत जाऊन घर गरम असल्याची खात्री केली पाहिजे, नाहीतर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ रिकामे केले पाहिजेत. यांपैकी काहीच केले नाही आणि नळ गोठून फुटला, तर एक डॉलरही मिळणार नाही.

एव्हन्स्टन, सेज हिल किंवा पॅनोरामा हिल्समधील कोणाला हे जमेल का? घर कोपऱ्यावरचे असल्याने दोन बाजूंचा फुटपाथही साफ ठेवावा लागतो. मात्र त्या कामासाठी मी पैसे देऊन माणूस लावीन, आपल्या मराठी मंडळातील कोणीही फावडे उचलू नये.

कुंडीचा विषय कृपया पुन्हा काढू नये.

बापू


प्रेषक : अण्णा, पॅनोरामा हिल्स
मंगळवार, सकाळी ९.१५

बापू, आपण दोन पर्यायांतला अवघड पर्याय धरून बसला आहात. रोज माणूस पाठवण्यापेक्षा पाणी बंद करणे सोपे आहे आणि ते काम मी शुक्रवारी संध्याकाळी येऊन तासाभरात करून देतो. तळघरात मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा, वरच्या मजल्यापासून खाली सगळे नळ उघडायचे, सगळ्यांत खालचा, म्हणजे कपडे धुण्याच्या सिंकचा, उघडाच ठेवायचा, संडासाच्या टाक्या रिकाम्या करायच्या आणि प्रत्येक मोरीच्या वाकड्या नळीत कॅम्परव्हॅनवाले वापरतात ते गुलाबी अँटीफ्रीझ थोडेथोडे ओतायचे. गाडीचे हिरवे ओतू नये, ते विषारी असते. गरम पाण्याच्या टाकीची आच ‘व्हेकेशन’वर आणावी आणि फर्नेसला, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीला, जोडलेल्या ह्युमिडिफायरचे पाणी तोडायला विसरू नये. ते हमखास राहून जाते.

फर्नेस मात्र बंद करायची नाही, १५ अंशांवर ठेवायची. आपल्याकडच्या नव्या फर्नेसच्या दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात आणि उणे तिसाला त्यांच्या तोंडाशी हिमाचा बोळा बसतो. हवा कोंडली की फर्नेस आपली आपण बंद पडते, आणि मालक पुण्यात मिसळ खात असतो. मी दिवसाआड येऊन त्या नळ्या आणि आतली फर्नेस पाहून जाईन, पण त्यासाठी मला किल्ली लागेल.

अण्णा


प्रेषक : खजिनदार
मंगळवार, दुपारी १२.०५

नमस्कार मंडळी.

चर्चा पुढे नेण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. बापूंच्या गॅरेजमध्ये मंडळाचे दोन ध्वनिवर्धक, तीन मोठी पातेली, मखर आणि हळदीकुंकवाच्या वाणाची खोकी ठेवलेली आहेत, आणि संक्रांतीचा कार्यक्रम १७ जानेवारीला आहे. म्हणजे १६ तारखेला संध्याकाळी कोणीतरी ते गॅरेज उघडून सामान बाहेर काढले पाहिजे. मंडळाची मालमत्ता जिथे आहे तिथली किल्ली कार्यकारिणीच्या सदस्याकडेच असावी, असे माझे मत आहे. अण्णांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे, परंतु ते सध्या कार्यकारिणीवर नाहीत. भाड्याची खोली घेऊन सामान तिथे ठेवावे, असे मी ऑक्टोबरच्या बैठकीत सुचवले होते, याचीही आठवण करून देतो.

गॅरेजचा रिमोट बापूंनी माझ्याकडे दिला तरी चालेल. मी तो गाडीतच ठेवतो, म्हणजे हरवणार नाही.

आपला,
खजिनदार


प्रेषक : ताई, सॅडल रिज
मंगळवार, दुपारी २.३०

पातेल्यांचे पुढे बघता येईल. नानांची प्रकृती कशी आहे, हे अजून एकाही पत्रात कोणी विचारलेले नाही.

मी पंचवीस वर्षे वॉर्डात काढली आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. त्यातच जड बर्फ उचलताना सगळा जोर हातांवर येतो, माणूस नकळत श्वास रोखतो आणि आठवडाभर सोफ्यावरून न हललेल्या हृदयावर एकदम भार पडतो. क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या हिवाळ्यांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोराच्या हिमवृष्टीनंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यातले मृत्यू वाढलेले त्यात दिसले, बायकांमध्ये तसे दिसले नाही. फावडे कोणाच्या हातात असते हे ज्याने त्याने समजून घ्यावे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी त्याआधीच, हे काम सोडावे. करायचेच झाले तर फावड्यात थोडाच बर्फ घेऊन तो उचलण्याऐवजी ढकलावा.

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाबल्यासारखे वाटले तर ८११ या आरोग्य-सल्ल्याच्या क्रमांकाला विचारत बसू नये, सरळ तातडीचा ९११ लावावा.

ताई


प्रेषक : नाना
मंगळवार, दुपारी ४.५०

हे पत्र नानांच्या खात्यावरून मी, माई, लिहीत आहे. ते झोपले आहेत. एक स्टेंट घातला असून काल संध्याकाळी घरी सोडले.

‘किंचित कळ आली’ असे नाना फोनवर सगळ्यांना सांगत आहेत, म्हणून खरे काय झाले ते लिहिते. बापूंच्या घरी रोज कसे जायचे, किती वेळ लागतो, याची रंगीत तालीम करायला हे रविवारी चालत निघाले. बापू आणि वहिनी भारतात न्यायच्या भेटवस्तू घ्यायला मॉलमध्ये गेले होते. कोपऱ्यावरचा फुटपाथ तसाच पडलेला पाहून, हिमवृष्टी थांबल्यापासून चोवीस तासांत तो साफ करायचा महापालिकेचा नियम यांना आठवला आणि गॅरेजपाशी उभे केलेले फावडे यांनी उचलले. घरी आल्यावर म्हणाले की सकाळच्या वड्याची जळजळ आहे. मी ओवा आणि सैंधव दिले. मग जबडा दुखतो म्हणाले, तेव्हा मला दाढ वाटली. कपाळ पुसायला पंचा घेतला तो पिळण्याइतका ओला झाला. बाहेर उणे अठरा होते, घरात १९ होते आणि हे घामाने निथळत होते, तेव्हा कुठे मी फोन उचलला. त्यात एक तास गेला. तो तास माझ्या मनातून जात नाही.

ॲम्ब्युलन्सचे बिल येईल, तूच गाडीने ने, असे हे शेवटपर्यंत म्हणत होते. आपल्या अल्बर्टा प्रांतात पासष्ट वर्षांवरील माणसांना ते बिल भरावे लागत नाही, हे सर्व ज्येष्ठांनी लिहून फ्रिजवर लावावे. आमच्या दोन पायऱ्यांवर बर्फ होता, तिथे स्ट्रेचर आणताना त्या मुलांचे पाय घसरत होते, तेवढीही काळजी घ्यावी.

बापूंनी स्वतःला दोष देऊ नये. यांना फावडे दिसले की राहवत नाही.

माई


प्रेषक : दादा, टस्कनी
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

माई, नानांना आमचा साष्टांग नमस्कार सांगावा.

खजिनदार, गॅरेजचा रिमोट गाडीत ठेवणे ही सुरक्षितता नव्हे. आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या गाडीची काच फोडून आधी रिमोट नेला, मग गाडीतल्या कागदावरचा पत्ता पाहून गॅरेज उघडले आणि तिथून आतल्या दाराने, जे कोणी कधी लावत नाही, स्वयंपाकघरात शिरले. पोलीस दरवर्षी थंडीत ‘ऑपरेशन कोल्ड स्टार्ट’ राबवतात, तेही अशाच सवयींमुळे, कारण गाडी गरम व्हावी म्हणून किल्ली आत ठेवून आपण घरात चहा प्यायला जातो.

बापू, आपण जायच्या-यायच्या तारखा अख्ख्या यादीला कळवल्यात, हे मला आवडले नाही. यादीवर आपलीच माणसे आहेत, पण पत्रे पुढे जातात. त्याहून मोठी जाहिरात म्हणजे बर्फ. ड्राइव्हवेवर चार दिवस टायरची रेघ नाही आणि दारापर्यंत एकही पाऊल नाही, म्हणजे घर रिकामे आहे हे कॅमेरा असला तरी कळतेच. शेजाऱ्याला त्याची दुसरी गाडी आपल्या ड्राइव्हवेवर उभी करायला सांगा. त्याची सोय होईल आणि आपल्या दारी चाकोऱ्या उमटतील.

कुंडीचा विषय काढू नये, असे बापूंनी लिहिले असले तरी तो काढणे भाग आहे, कारण खजिनदार किल्लीच्या सुरक्षिततेवर बोलत आहेत. कुंडीखाली किल्ली ठेवायची कल्पना त्यांचीच होती. चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा उबदार वारा, सुटून एका दुपारीत सगळे वितळले, रात्री पुन्हा गोठले आणि कुंडी पायरीला अशी चिकटली की तीन किटल्या कढत पाणी ओतावे लागले. ते पाणी गोठून त्यावर कोण घसरले, हे मी लिहीत नाही.

दादा


प्रेषक : वहिनी, एव्हन्स्टन
मंगळवार, रात्री ८.००

माई, त्या रविवारपासून मला नीट झोप नाही. उद्या डबा घेऊन येते, तिखट-मीठ कमीच घालते.

पाणी बंद करायला माझी हरकत नाही, पण माझ्या तुळशीचे काय? ती बी पेरून वाढवलेली आहे, तळघरात दिव्याखाली ठेवते आणि दर तीन दिवसांनी कोमट पाणी घालते. १५ अंशांत ती टिकणार नाही. अण्णांनी मोठ्या मनाने ती न्यायची तयारी फोनवर दाखवली, पण त्यांच्या घरी १७ अंश असतात. हळदीकुंकवाला आम्ही सगळ्याजणी कोट घालून बसलो होतो, हे अण्णांच्या मंडळींनाही ठाऊक आहे.

वहिनी


प्रेषक : अण्णा, पॅनोरामा हिल्स
मंगळवार, रात्री ८.४०

आमच्या घरात १७ अंश रात्री असतात, दिवसा १९ असतात.

आणि १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ कोणी विसरू नये. तिळगुळाच्या वड्या थापणे चालू असताना पावणेसातच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम केकाटले, वीज जपून वापरा नाहीतर आळीपाळीने बंद करावी लागेल. लोकांनी दिवे, ओव्हन, हीटर बंद केले आणि काही मिनिटांतच मागणी सुमारे २०० मेगावॅटने उतरली. त्या रात्री वीज गेली असती, तर फर्नेसचा पंखाही बंद पडला असता, गॅस असून उपयोग नव्हता. ज्यांना १७ अंशांची सवय होती त्यांनी स्वेटर चढवला असता, एवढेच.

तुळस मी दिव्यासकट नेतो. तिच्या खोलीत २१ ठेवीन.

अण्णा


प्रेषक : बापू, एव्हन्स्टन
बुधवार, सकाळी ८.१०

विमा कंपनीला काल फोन करून विचारले आणि उत्तर लेखी मागवले. पाणी बंद करून नळ रिकामे केले तर रोज जाण्याची अट लागू होत नाही, पण फर्नेसकडे कोणी अधूनमधून पाहिले तर बरे, असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हा अण्णांची व्यवस्था मान्य. खजिनदार, मंडळाचे सामान शुक्रवारी दुपारी चारपूर्वी आपण घेऊन जावे. मॅकेन्झी टाऊनहून यायला चाळीस मिनिटे लागतात, हे मला ठाऊक आहे, परंतु रिमोट मी कोणालाही देणार नाही. तुळशीसोबत अण्णांना माझ्याकडून एक लहान हीटर.

एकच अडचण उरली आहे. आमची दुसरी किल्ली नानांकडे होती. कुंडीच्या प्रकारात वाकलेली ती हीच, पण चालते. माईंना घरात ती सापडत नाही. रुग्णालयात हरवली असेल, तर मला शुक्रवारच्या आत कुलूपच बदलावे लागेल. नाना, कृपया आठवून पाहावे.

बापू


प्रेषक : नाना
बुधवार, सकाळी ११.२५

सर्वांना नमस्कार. आता मी स्वतः लिहीत आहे, माई न्हाणीघरात आहेत.

रुग्णालयातून माझे कपडे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले होते. ती पिशवी माईंनी न उघडता कपाटात मागे सारून ठेवली होती आणि मला हातही लावू देत नव्हत्या. मी आज ती उघडली. कोटाची डावी बाही कापलेली आहे, पण उजव्या खिशात बापूंची किल्ली आहे आणि सोबत त्यांच्या पायरीवर टाकायला घेतलेले मूठभर मीठही आहे, ज्यामुळे किल्ली थोडी गंजल्यासारखी दिसते. पुसून ठेवली आहे.

अण्णांनी किल्ली न्यायला सहानंतर यावे. चार ते सहा मला झोपवून ठेवतात.

नाना