अनुभव धागा : डीएमए बफर नेमके कुठे फसतात? (सोलापूर आणि पंचक्रोशी)

चाटी गल्ली (धागाकर्ता)

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत जकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) कंट्रोलर, कापड तपासणारे कॅमेरे, वजनकाटे असल्या कामांसाठी लिनक्सचे छोटे बोर्ड वापरणाऱ्यांसाठी हा धागा. बोर्ड किंवा कर्नल बदलला की ड्रायव्हरला हात लावावा लागतो, आणि गाडी हटकून डीएमएच्या बफरवर अडते. (डीएमए म्हणजे उपकरणानं सीपीयूला मधे न घेता थेट रॅममध्ये वाचणं-लिहिणं, बफर म्हणजे त्यासाठी घेतलेली रॅममधली जागा.) "आमच्याकडेही असंच झालं बघा" एवढंच लिहू नका. लक्षण, कारण आणि इलाज मापासकट द्या.

सुरुवात मी करतो. बिघडलेला डेटा हाती आला की आधी बिघाडाचं माप घ्या. मे महिना आहे, बोर्ड तापला असेल, लाइट कमीजास्त झाली असेल, असं म्हणून सोडून देऊ नका. तापलेली किंवा वीज नीट न मिळणारी रॅम सुटे बिट उलटवते, तेही कुठंही. कॅशची (सीपीयूजवळची वेगवान मेमरी, रॅमची प्रत ६४ बाइटांच्या 'लाइन'मध्ये ठेवते) चूक तशी नसते. ती ६४ बाइटांच्या हद्दीला सुरू होते आणि ६४ च्याच पटीत संपते. आठ बिटांच्या कृष्णधवल लाइन-स्कॅन कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे एक बाइट, म्हणून चित्रात ६४ पिक्सेलची आडवी दांडी दिसते आणि तिच्यात मागच्या फ्रेममधलं कापड असतं. तपासणीचा प्रोग्राम तिला धागा तुटल्याचा दोष समजतो आणि चांगला टॉवेल बाजूला काढतो. चित्र ४०९६ च्या हद्दीवर तुटत असेल तर पानांचा (कर्नल मेमरी वाटतो ते ४०९६ बाइटांचे तुकडे) घोळ धरा: मेमरी सलग नव्हती, ड्रायव्हरनं सलग गृहीत धरली. फ्रेमच्या फक्त शेवटच्या ओळी जुन्या असतील तर सिंक (कॅश आणि रॅम जुळवणं) करताना लांबी कमी दिली आहे, किंवा डीएमए पुरा व्हायच्या आत बफर वाचला आहे.

जकार्ड २६८८

६४ च्या हिशोबाला धरून पुढचं. २६८८ हुकांच्या (उभे धागे उचलणारे) जकार्डला एका पिकसाठी (एका आडव्या धाग्यासाठी) २६८८ बिट लागतात, म्हणजे ३३६ बाइट. भागिले ६४ केलं की सव्वापाच. तो पाव घात करतो.

ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये आधी बाहेर जाणारा ३३६ बाइटांचा बफर, मग हुकांची स्थिती परत वाचणारा तेवढाच बफर आणि त्याला चिकटून पिकचा काउंटर, अशी रचना सर्रास दिसते. परत वाचणारा बफर अगदी हद्दीवर सुरू झाला असं धरलं तरी त्याचे शेवटचे १६ बाइट सहाव्या कॅश लाइनमध्ये पडतात आणि त्या लाइनचे उरलेले ४८ बाइट शेजाऱ्यांचे असतात. डीएमए चालू असताना सीपीयूनं काउंटर वाढवला की लाइन 'डर्टी' होते, म्हणजे रॅमपेक्षा वेगळी. ती कॅशमधून रॅममध्ये उतरताना उपकरणानं नुकत्याच लिहिलेल्या १६ बाइटांवर जुनी प्रत पडते. १६ बाइट म्हणजे १२८ हुक. शेवटचेच १२८ हुक मागच्या पिकची स्थिती दाखवत असतील तर मेकॅनिकला बोलवू नका, स्ट्रक्चर उघडा. उलटही होतं: लाइन इनव्हॅलिडेट झाली (कॅशमधली प्रत टाकून दिली) की काउंटरची वाढच पुसली जाते.

बाहेर जाणाऱ्या बफरला हा त्रास होत नाही. तिथं कॅश फक्त रॅममध्ये उतरवली जाते, त्यात शेजाऱ्याचा डेटा गेला तरी नुकसान नाही. म्हणून 'पाठवतं बरोबर, वाचतं चूक' असं चित्र दिसतं.

इलाज : बफर स्ट्रक्चरच्या पोटात ठेवू नका, के-मॅलॉकनं (कर्नलकडून मेमरी मागायचं फंक्शन) वेगळा घ्या. पोटातच ठेवायचा असेल तर त्याची सुरुवात आणि त्याच्या पुढच्या मेंबरची सुरुवात, दोन्ही आर्किटेक्चरच्या डीएमए-अलाइनमेंटवर आणा. ६४ बिट आर्मवर हा आकडा १२८ आहे, ६४ नव्हे. इंटेल-एएमडीच्या डेस्कटॉपवर हार्डवेअरच कॅश जुळवून घेतं, त्यामुळे तिथं ही चूक जन्मात सापडायची नाही.

कन्ना चौक

छोटी गोष्ट, पण रोजची. फंक्शनमधला लोकल अ‍ॅरे, म्हणजे स्टॅकवरचा बफर, यूएसबी किंवा एसपीआयच्या ट्रान्सफरला देऊ नका. एका बाइटचं रजिस्टर वाचायचं असलं तरी नाही. कर्नल ४.९ पासून एक्स८६ वर आणि ४.१४ पासून ६४ बिट आर्मवर स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत (जिथं पत्ते सलग, पण रॅम सलग नसते) ठेवता येतो. त्या पत्त्यावरून डीएमएचा पत्ता काढला की भलताच निघतो. जुन्या कर्नलवर वर्षानुवर्षं चाललेला ड्रायव्हर नव्यावर पहिल्याच दिवशी बसतो तो यामुळे. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जातो ते फंक्शन) के-मॅलॉकनं ६४ बाइट घेऊन ठेवा आणि लॉक लावून तेच वापरा.

हुरडा

मग सगळीकडे डीएमए-अलॉक-कोहेरंटच (सीपीयू आणि उपकरण दोघांना सारखीच दिसणारी मेमरी देणारं फंक्शन) का घेऊ नये? सिंकची कटकटच नको.

सात रस्ता

@हुरडा, छोट्या गोष्टींना जरूर घ्या. डिस्क्रिप्टरची (बफरचा पत्ता आणि लांबी सांगणाऱ्या नोंदींची) रिंग, कमांडचे ब्लॉक, स्टेटसचे शब्द यांना कोहेरंटच हवं. फक्त लक्षात ठेवा, १६ बाइट मागितले तरी किमान एक पान, म्हणजे ४ केबी, खर्ची पडतं. छोटे तुकडे बरेच लागत असतील तर डीएमए-पूल करा.

फ्रेमचं गणित वेगळं. ज्या आर्म बोर्डवर कॅश हार्डवेअरनं जुळत नाही तिथं कोहेरंट मेमरी कॅशशिवाय मॅप होते. लिहिणं एकवेळ चालून जातं, वाचणं मात्र रखडतं, कारण प्रत्येक वाचन थेट रॅमपर्यंत जातं. कापड तपासताना ३×३ चा साधा फिल्टर लावला तर एकेक पिक्सेल नऊ वेळा वाचला जातो. सीपीयू शंभर टक्के दिसतो, लोक अल्गोरिदमला शिव्या घालतात आणि दोष असतो मेमरीच्या प्रकारात.

मोठ्या बफरला स्ट्रीमिंग मॅपिंग वापरा, म्हणजे साधा कॅशवाला बफर उपकरणाला द्यायचा आणि दर वेळी सिंक करायचं. सुरुवातीला एकदाच मॅप, दिशा 'उपकरणाकडून', आणि मॅपिंग-एररची तपासणी न विसरता. मिळालेला पत्ता शून्याशी ताडून पाहणं ही तपासणी नव्हे, शून्य हा वैध डीएमए पत्ता असू शकतो. त्यानंतर दर फ्रेमला क्रम असा: फ्रेम पूर्ण झाल्याचा इंटरप्ट, सिंक-फॉर-सीपीयू, वाचन, सिंक-फॉर-डिव्हाइस, बफर परत रांगेत. मधल्या काळात बफर ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच हात लावायचा.

"सुरुवातीला कॅश साफ केली होती, मग नंतर पुन्हा कशाला?" असं विचारणारे भेटतात. सीपीयू अंदाजानं पुढचा डेटा आधीच ओढून ठेवतो. डीएमए चालू असताना तुमचा कोड बफरकडे फिरकला नाही, तरी शेजारचं काही वाचताना प्रीफेचरनं बफरच्या लाइन उचललेल्या असतात. त्या जुन्या लाइन टाकून द्यायला डीएमए संपल्यावरचं सिंक लागतंच. धागाकर्त्यानं सांगितलेली ६४ पिक्सेलची दांडी बहुतेक वेळा इथलीच.

विजापूर वेस

कोहेरंट म्हणजे क्रमाची हमी, असा एक गैरसमज आहे. कोहेरंट मेमरीतही आर्मचा सीपीयू लिखाण मागेपुढे करतो. रिंगमध्ये डिस्क्रिप्टर भरताना आधी पत्ता आणि लांबी लिहा, मग डीएमए-डब्ल्यूएमबी (आधीचं लिखाण आधीच पोचवणारा बॅरियर), आणि मगच मालकी दाखवणारा बिट. शेवटी राइट-एलनं (रजिस्टरमध्ये लिहायचं फंक्शन) डोअरबेल रजिस्टर, म्हणजे उपकरणाला 'काम आलं' सांगणारं. साध्या राइट-एलमध्ये लागणारा बॅरियर आत असतो, 'रिलॅक्स्ड' प्रकारात नसतो. वेग वाढवायच्या हौसेनं सगळीकडे रिलॅक्स्ड केलं की उपकरण मधूनच जुनी लांबी उचलतं.

वाचतानाही तसंच: मालकीचा बिट बघा, डीएमए-आरएमबी (वाचनाचा बॅरियर), मग लांबी वाचा. मधे प्रिंट टाकला की दोष गायब होतो आणि काढला की परत येतो, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी बॅरियर तपासा.

चिंचोळी

मेमरी किती राखायची याचा हिशोब कागदावर करा. १९२०×१०८०, पिक्सेलला दोन बाइट : ४१,४७,२०० बाइट, म्हणजे ४ केबीची १०१३ पानं. कर्नलचा नेहमीचा पान-वाटप करणारा भाग एका वेळी जास्तीत जास्त ४ एमबी सलग देतो, त्यात ही फ्रेम जेमतेम बसते. बूट झाल्याझाल्या मिळतेही. दोन दिवस मशीन चालल्यावर मेमरीचे तुकडे झालेले असतात, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की नकार येतो. म्हणून सीएमए, म्हणजे मोठ्या सलग बफरसाठी बूटलाच बाजूला काढलेली मेमरी.

आठ बफर धरले तर ३,३१,७७,६०० बाइट, साधारण ३१.६ एमबी. "३२ एमबी सीएमए पुरे" असं वाटतं, पण डिस्प्लेसुद्धा त्याच डब्यातून घेतो. एक जीबीच्या बोर्डवर बूटच्या ओळीत सीएमए १२८ एमबी द्या आणि निवांत राहा. प्रॉक-मेमइन्फोमध्ये सीएमए-फ्री भरपूर दिसूनही वाटप फसतं, कारण त्या जागेत तात्पुरती राहायला आलेली पानं कुणीतरी पिन करून (जागेवर अडकवून) ठेवलेली असतात आणि ती हलत नाहीत. बफर ड्रायव्हर लोड होतानाच घ्या आणि शेवटपर्यंत धरून ठेवा. हमीच हवी असेल तर डिव्हाइस ट्रीच्या (कर्नलला बोर्डची रचना सांगणाऱ्या फाइलच्या) रिझर्व्ह्ड-मेमरीत शेअर्ड-डीएमए-पूल करा. 'रियूजेबल' लिहिलं तर तो सीएमए होतो आणि रिकाम्या वेळी इतरांना वापरता येतो, 'नो-मॅप' लिहिलं तर फक्त तुमचा. नंतर ड्रायव्हरमधून ती जागा उपकरणाला जोडायचं फंक्शन बोलवायला विसरू नका. ते राहिलं की वाटप मुकाट्यानं मुख्य डब्यातून होतं आणि राखलेली जागा पडून राहते.

कडक भाकरी

पत्त्यांबद्दल. व्हर्च्युअल-टू-फिजिकलनं काढलेला पत्ता उपकरणाच्या रजिस्टरमध्ये घालणारा कोड अजूनही सापडतो. रास्पबेरी पाय २ आणि ३ वर सीपीयूला शून्यापासून दिसणारी रॅम डीएमएला ३ जीबीच्या पत्त्यापासून पुढे दिसते. हा फरक डिव्हाइस ट्रीतल्या डीएमए-रेंजेसमध्ये लिहिलेला असतो आणि डीएमएची फंक्शनं तो हिशोबात घेतात. तुम्ही हातानं काढलेला पत्ता घेत नाही.

पाय ४ वर दुसरी गंमत: त्यातल्या जुन्या पद्धतीच्या डीएमए चॅनेलना पहिली १ जीबी रॅमच दिसते. बफर त्या १ जीबीच्या पलीकडे पडला की कर्नल खाली तात्पुरती जागा घेऊन तिथून नक्कल करतो. हेच ते स्विऑटएलबी. काम चालतं, पण दर वेळी एक मेमकॉपी वाढते. त्याचा नेहमीचा साठा ६४ एमबी, २ केबीचे खण, आणि एका मॅपिंगला सलग १२८ खण, म्हणजे २५६ केबी. चार एमबीची फ्रेम एका दमात मॅप करायला गेलात की 'बफर फुल' असा संदेश येतो. लोक बूटच्या ओळीत ६५५३६ खण लिहून साठा १२८ एमबी करतात, तरी संदेश जात नाही. अडचण साठ्याची नसून २५६ केबीच्या मर्यादेची असते. बफर मुळातच खाली घ्या : प्रोबमध्ये सर्वात आधी डीएमए मास्क (उपकरण किती बिटांचा पत्ता गाठतं ते) खरा सांगा (न सांगितल्यास ३२ बिट धरला जातो) आणि वाटप डीएमएच्या फंक्शननंच करा.

टिळक चौक

स्कॅटर-गॅदर (विखुरलेले तुकडे एकाच ट्रान्सफरमध्ये देणं) वापरणाऱ्यांनी एक आकडा जपावा. डीएमए-मॅप-एसजीला १६ तुकडे दिले आणि उत्तर ५ आलं, तर आयओएमएमयूनं (उपकरणाचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) तुकडे जोडले आहेत. हार्डवेअरला ५ सांगायचे, सोडताना अनमॅपला मात्र मूळ १६ द्यायचे. उलट केलं तर पहिल्या प्रकारात उपकरण कचऱ्याच्या पत्त्यावर जातं, दुसऱ्यात मॅपिंग गळत राहतात. परतीचा आकडा शून्य म्हणजे अपयश, तेही बघा.

शेंगाचटणी

शोधायचं कसं, यावर कुणीच लिहिलं नाही.

१) कर्नल बांधताना डीएमए-एपीआय-डीबग चालू करा. मॅपिंग-एरर न तपासणं, वेगळ्या लांबीनं सोडणं, दिशा चुकवणं, हे सगळं तो डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ड्रायव्हरच्या नावासकट सांगतो. फक्त पहिली चूक दाखवून गप्प बसतो, म्हणून एकेक दुरुस्त करत पुन्हा बूट करत चला. नोंदींची जागा संपली तर तो स्वतःला बंद करून घेतो. डीमेसेज स्वच्छ दिसलं म्हणून खूश व्हायच्या आधी ते पाहा.

२) जकार्डवाल्यांनी डेस्कटॉपवर चूक सापडत नाही म्हटलं. बऱ्याच चुका सापडतात. बूटच्या ओळीत स्विऑटएलबी 'फोर्स' करा. मग डेस्कटॉपवरही स्ट्रीमिंगचा डेटा बाजूच्या बफरमधून जातो, आणि सिंक विसरलेला ड्रायव्हर लगेच जुना डेटा दाखवायला लागतो. ३३६ बाइटांच्या शेजाऱ्याचा दोष यात दिसणार नाही, तो बोर्डवरच.

३) आयओएमएमयू 'स्ट्रिक्ट' ठेवून एकदा चालवा. सैल पद्धतीत अनमॅप केल्यावरही काही काळ उपकरण जुन्या पत्त्यावर लिहू शकतं, त्यामुळे घाईनं सोडलेला बफर लपतो. स्ट्रिक्टमध्ये त्याच क्षणी फॉल्ट येतो, पत्त्यासकट.

जकार्ड २६८८

@शेंगाचटणी, दुसरा मुद्दा मान्य. माझं वाक्य फक्त त्या लाइनपुरतं धरा.

पार्क चौक

लिनक्स नसलेल्यांसाठी दोन ओळी. एसटीएम३२ एच७ या मायक्रोकंट्रोलरवर डीएमए१ आणि डीएमए२ ला डीटीसीएम (कोअरला थेट जोडलेली) रॅम दिसतच नाही. लिंकरनं ग्लोबल बफर तिथं टाकला की ट्रान्सफर एरर येते किंवा सगळे शून्य मिळतात. बफर मुख्य एसरॅमच्या सेक्शनमध्ये हलवा. तिथं गेल्यावर डी-कॅशचा प्रश्न सुरू होतो, आणि या कोअरची लाइन ३२ बाइटांची आहे, ६४ ची नव्हे.

सात रस्ता

ड्रायव्हर काढतानाचा क्रम राहिला. आरएम-मॉड केल्यावर पाच-दहा सेकंदांनी भलताच प्रोग्राम कोसळत असेल तर बफर आधी सोडला आणि उपकरण लिहीतच राहिलं. आधी उपकरणाचा डीएमए थांबवा. थांबल्याचा स्टेटस बिट येईपर्यंत वाट बघा, नुसतं 'स्टॉप' लिहून पुढे जाऊ नका, चालू असलेली ट्रान्सफर पुरी व्हायला वेळ लागतो. पीसीआय असेल तर बस-मास्टर बंद करा. मग इंटरप्ट सोडा, मग अनमॅप, शेवटी फ्री. आणि कोहेरंट बफर इंटरप्ट बंद असलेल्या जागेतून सोडू नका, कर्नल तिथं वॉर्निंग देतो. ते काम वर्कक्यूला (नंतर करायच्या कामांच्या रांगेला) द्या.

हुरडा

रिंग कोहेरंट, फ्रेम स्ट्रीमिंग अशी वाटणी करून बघतो. बोर्ड आर्मचा आहे, चार बफर, १९२०×१०८०. मोड्यूल काढतानाचे डीमेसेज इथंच टाकतो.