मदत हवी आहे: नवेगावबांध की साकोली? आई-बाबांना घेऊन झाडीपट्टीत फिरायचंय, मुक्काम कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन गोंदिया-भंडाऱ्याकडे, म्हणजे झाडीपट्टीत, कारने फिरायचा बेत आहे, चार रात्री, गाडी मीच चालवणार, सोबत आठवीतला मुलगा. काय काय बघायचं ते बरंचसं ठरलंय. अडलंय ते फक्त मुक्कामावर, रोज रात्री मोबाइलवर नकाशा उघडून बसते आणि काही ठरत नाही म्हणून इथे विचारून राहिली.

आधी थोडं कारण सांगते म्हणजे तुम्हालाही सांगायला सोपं जाईल. आईचं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. मामा गेले, मग घर विकलं, शेतीही गेली, त्यामुळे तिकडे जाऊन रात्रभर राहावं असं हक्काचं दार आता उरलं नाही. पण हा हंगाम आला की तिचं सुरू होतं, आता हलका धान निघाला असेल, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या असतील, भारी धानाला अजून वेळ आहे, वगैरे वगैरे. आणि मंडई! दिवाळी झाली की तिकडे गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक. तिला एक मंडई आणि झाडीपट्टीचं एक नाटक बघायचंय, एवढंच मागणं आहे तिचं आणि ते मला पूर्ण करायचंच आहे.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात चांगले पण जिने नको आणि रोज बॅगा भरून नवीन खोलीत जायचं तर अजिबातच नको, एक दिवस गोंदिया एक दिवस नवेगाव एक दिवस नागझिरा असं केलं तर ते अर्ध्यात कंटाळतील आणि आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं असं म्हणत गाडीतच बसून राहतील, ते मला बघवणार नाही. म्हणून एकच ठिकाण पक्कं करायचं, सकाळी निघायचं, दुपारी परत येऊन जरा पाठ टेकायची, संध्याकाळी वाटलं तर पुन्हा बाहेर.

आता पर्याय. पहिला साकोली. नागपूरहून शंभरेक किलोमीटर, भंडारा लाखनी करत सरळ हायवे, पेट्रोल पंप, मेडिकल, उपजिल्हा रुग्णालय सगळं जवळ आणि नागझिरा अभयारण्याचं पिटेझरी गेट वीसेक किलोमीटरवर. पण हायवेवरचं गाव, रात्रभर ट्रक. आईला खिडकीतून धान दिसायला पाहिजे आणि तिथे दिसेल ट्रान्सपोर्टचं गोडाऊन.

दुसरा नवेगावबांध. हायवे कोहमाऱ्याला सोडायचा आणि दक्षिणेला वळायचं. तलाव आहे, शांतता आहे, आईचं गाव जवळ. तो तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात, सात टेकड्या आहेत भोवती, सात बहिणी म्हणतात त्यांना. आईची आजी ती गोष्ट सांगायची म्हणे, माझ्या मुलाला ती तिथेच तलावाच्या काठी आईच्या तोंडून ऐकवायचीय. इटियाडोहचं धरण, गोठणगावजवळची तिबेटी वसाहत, इकडचा प्रतापगड (साताऱ्याचा नव्हे) हे सगळं याच बाजूला आहे. अडचण एकच, इथून पिटेझरी साठेक किलोमीटर पडतं, सकाळची सफारी घ्यायची तर साडेचारला निघावं लागेल आणि त्या अंधारात जंगलपट्ट्यातून गाडी चालवायची माझी तयारी नाही, रानडुकरं चितळं कधी आडवी येतील सांगता येत नाही.

गोंदियाचाही विचार केला होता, परसवाड्याकडे सारस पक्षी बघायला, पण मग आईचं गाव लांब पडतं म्हणून सोडला. नागझिऱ्याच्या आतल्या विश्रामगृहात राहा असंही एकाने सुचवलं, तिथे मला स्वतःला फार आवडेल पण संध्याकाळी गेट बंद झालं की बाहेर पडता येत नाही, मग मंडई कशी बघणार.

खोलीबद्दल माझ्या अटी अशा, तळमजला, कमोड असलेलं बाथरूम आणि गाडी दाराशी उभी करता यावी. सकाळी सहाला चहा आणि बाबांना औषधाआधी काहीतरी खायला मिळालं पाहिजे. संध्याकाळी साधं जेवण, भात-वरण-भाजी, आणि तलावाची मासोळी कोणी करून देत असेल तर सोन्याहून पिवळं. एसी, टीव्ही काही नको. घरगुती सोय असेल तर पहिली पसंती.

त्या भागात राहणाऱ्यांनी किंवा नुकतंच जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, मी साकोलीकडचाच. तुम्ही नवेगावबांधलाच राहा, डोळे मिटून. कारण सांगतो. तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी कोहमाऱ्याच्या दक्षिणेला आहेत, हायवेच्या उत्तरेला फक्त नागझिरा. एका सफारीसाठी रोजचं जाणंयेणं कशाला वाढवता? साकोलीहून इटियाडोहला गेलात तर अर्धा दिवस गाडीतच जाईल आणि काकांना दुपारी पाठ टेकता येणार नाही.

रस्त्याचं एक लक्षात ठेवा. कापणीच्या दिवसांत आतल्या गावांतले लोक डांबरी रस्त्यावरच धान वाळायला टाकतात, अर्धा रस्ता त्याने भरलेला असतो, कडेला दगड मांडलेले असतात, ते दुपारच्या उन्हातही पटकन दिसत नाहीत. हार्वेस्टर समोरून आला तर तुम्हालाच मागे घ्यावं लागेल. त्यामुळे नकाशा अर्धा तास दाखवत असेल तर पाऊण तास धरा आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला या.

तिबेटी वसाहतीत जाल तर घरं बरीचशी बंद दिसतील, थंडीत बरेच जण स्वेटर विकायला शहरांत जातात, तुमच्या नागपूरच्या स्वेटर बाजारातही असतात. मंदिर बघा, म्हातारी माणसं असतात गावात, छान बोलतात.

प्रतिसाद २

नाटकाचं मी सांगते, माझं सासर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. ताई, नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, मध्येच उठून यायला आईंचं मन होणार नाही. म्हणून मुक्कामापासून दहा-बारा किलोमीटरच्या आतलंच गाव धरा. कंपन्या बहुतेक वडशाच्या पण प्रयोग गावोगाव फिरतात, त्या त्या गावच्या मंडळाने बोर्ड लावलेले असतात, चौकात पानठेल्यावर विचारलं तरी तारीख आणि नाटकाचं नाव दोन्ही कळतं. खुर्चीचं तिकीट घ्या, जमिनीवर बसायचं काकांना जमणार नाही. शाल आणि कानटोपी न्याच, पहाटे तलावाकडचा गारठा नागपूरच्या गारठ्यासारखा नसतो, हाडात शिरतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका, झोपू द्या सगळ्यांना.

खोलीचं म्हणाल तर ऑनलाइन फोटोवर जाऊ नका. फोन करून सरळ विचारा, पायऱ्या किती आणि गरम पाणी कसं मिळतं, गिझर की चुलीवरचं. चुलीवरचं असेल तर उलट चांगलं, लाइट गेली तरी मिळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाळत घातलेल्या धानाचं आई लगेच हो हो म्हणाली आणि त्यावरून पुढचा अर्धा तास बोलत होती.

तुमचं वाचून असं ठरवतेय, पहिल्या तीन रात्री नवेगावबांध. पहिला दिवस फक्त पोचायचं आणि तलाव. दुसऱ्या दिवशी आईचं गाव आणि जिथे असेल तिथली मंडई, नाटक मिळालं तर त्याच रात्री. तिसरा दिवस उशिरा उठून इटियाडोह आणि गोठणगाव. प्रतापगडावर बाबांना चढवणार नाही, आई आणि मुलगा जाऊन येतील तोवर आम्ही दोघं खाली चहा पिऊ. चौथी रात्र साकोलीला, बॅगा एकदाच हलवाव्या लागतील तेवढं बाबांनी मान्य केलंय, म्हणजे पाचव्या दिवशी पहाटे पिटेझरी गेट हाकेच्या अंतरावर, सफारी ऑनलाइन बुक करते, आणि दुपारी जेवून निघालो तर उजेडात नागपूर. वेळ उरला तर भंडाऱ्याहून हायवेने सरळ न येता अंभोऱ्याच्या नव्या पुलावरून कुहीमार्गे यायचं, वैनगंगेवरचा तो पूल आईने अजून पाहिलेला नाही.

आता दोनच गोष्टी राहिल्या. नवेगावबांधला तळमजल्यावर दोन लागून खोल्या आणि घरचं जेवण देणारं कोणी ओळखीचं असेल तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे उघड नंबर टाकू नका. आणि अर्जुनी, नवेगावबांध, बोंडगावदेवी या पट्ट्यात दिवाळीनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत कुठल्या गावची मंडई कुठल्या वारी असते हे कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा, त्यावरच मी निघायचा दिवस पक्का करणार आहे.