बाबांच्या साठीचं कार्ड फुगलंय, अर्जंट मदत हवी आहे

कागदी_होडी: परवा वाढदिवस आहे आणि कार्डाचं पुढचं पान पापडासारखं झालंय. काल रात्री चिकटवलं, सकाळी बघते तर मधे फुगा आणि कडा वर आलेल्या. दोन तास वही ठेवली वरून, काही फरक नाही. नवीन करायला वेळ नाहीये, उद्या ऑफिस आहे. फक्त सपाट कसं करायचं तेवढं सांगा प्लीज.

सांगलीकर: काय चिकटवलंय? कशाने? कागद कुठला?

कागदी_होडी: साधं कार्डशीट. घरातला पांढरा गम. फोटो चिकटवलाय.

चित्रकला_काकू: तरीच. त्या गममधलं पाणी कागद पितो, पसरतो आणि वाळताना आकसतो, म्हणून वाकतो. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, मुलांना कायम खळ करायला लावायचे. चमचाभर मैदा, अर्धा कप पाणी, मंद आचेवर गुठळी न होऊ देता ढवळायचं, गार झाल्यावर पातळ हात फिरवायचा. विकतच्या गमपेक्षा कधीही चांगली.

सांगलीकर: काकू, खळीतही पाणीच असतं की. शिवाय झुरळं लागतात. आमचे वडील बाईंडिंग करायचे, ते खळीत मोरचूद टाकायचे. आणि पुठ्ठ्याला पुढून कागद लावला की मागूनही तेवढाच लावायचे, मग दोन्हीकडची ओढ सारखी बसते. ताई, तुम्ही पण मागून एक कागद लावा.

चित्रकला_काकू: मोरचूद विषारी असतं, घरात हाताळायची वस्तू आहे ही! आणि परवा द्यायच्या कार्डाला कुठली झुरळं लागतायत.

दिवेआगर: साठी तिथीने करताय की तारखेने? आमच्याकडे साठी शांत तिथीने केली आणि केक तारखेला कापला. गुरुजी आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

निवांत: उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, पाच मिनिटांत सरळ. मी बहिणीचं कार्ड असंच केलं होतं.

कागदी_होडी: इस्त्री चालेल का नक्की? फोटो जुना आहे, ब्लॅक अँड व्हाईट, बाबा दीड वर्षाचे आणि आजीच्या कडेवर. आमच्याकडे तेवढा एकच आहे. आजी गेली, बाबा पाच वर्षांचे होते तेव्हा.

डार्करूम: इस्त्री अजिबात नको!! हे आधी सांगायला हवं होतं ताई. त्या काळच्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, ओल आणि उष्णता मिळाली की तो मऊ पडतो, कापडाला चिकटून चेहराच निघून येईल. वाफही नको. फोटो उपटूही नका. पहिलं काम म्हणजे आत्ताच्या आत्ता त्याचा मोबाईलने फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता.

निवांत: माझ्या कार्डावर फोटो नव्हता, सॉरी. इस्त्री नका करू.

सांगलीकर: मागून कागद लावा म्हणालो तेही राहू द्या, परत ओल जाईल.

डार्करूम: गम पूर्ण वाळलाय ना? मग फोटोवर बटर पेपर, खाली-वर सपाट फळी आणि त्यावर चांगलं पंधरा-वीस किलो वजन, दोन रात्री. वहीने काय होणार? पूर्ण सपाट होईलच असं नाही, पण कडा बसतील. पुढच्या वेळी ओरिजिनल लावूच नका, स्कॅन करून प्रिंट लावा. ओरिजिनल लावायचाच तर जुन्या अल्बममधे असायचे तसे चार कोपरे कागदाचे कापून त्यात फोटो खोचायचा, गम फक्त कोपऱ्यांना.

मनीऑर्डर: पोस्टाने पाठवणार असाल तर पाकिटात पुठ्ठा घाला, नाहीतर दुमडतं.

कागदी_होडी: पोस्टाने नाही, घरीच आहेत बाबा, म्हणून तर लपून करतेय. मोबाईलने काढला फोटो, आजीच्या नथीतला मोती पण दिसतोय. पोळपाट नीट बसेना म्हणून देव्हाऱ्यासमोरचे दोन पाट घेतले, वर तांदळाचा डबा. बाबांनी विचारलं पाट कुठे गेले, आई म्हणाली घासायला काढलेत.