शब्दचर्चा : ‘ओव्हर द टॉप शूटर’च्या पुढच्या भागाची वाट बघणाऱ्यांसाठी नेमके शब्द कोणते?

मूळ प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर; २०२५, ‘बॉर्डरलँड्स ४’ बाजारात येण्यापूर्वी)

आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी ‘बॉर्डरलँड्स ४’ या व्हिडिओ गेमविषयी टिपण लिहीत आहे. टेक्सासमधील गिअरबॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीच्या या मालिकेचा पहिला भाग २००९ मध्ये, दुसरा २०१२ मध्ये आणि तिसरा २०१९ मध्ये आला. चौथा येत्या १२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे तब्बल सहा वर्षांनी येत असल्यामुळे खेळणाऱ्या मुलांमध्ये सध्या दुसरा विषय नाही. इंग्रजीत या मालिकेला सर्रास ‘ओव्हर द टॉप शूटर’, म्हणजे सगळ्याच गोष्टींचा मुद्दाम अतिरेक करणारा गोळीबाराचा गेम, म्हटले जाते. भित्तिपत्रकाच्या संपादक मंडळाने शुद्ध मराठीचा आग्रह धरून माझे पहिले वाक्य पुढीलप्रमाणे करून दिले आहे : ‘अतिरंजित नेमबाजीच्या या क्रीडामालिकेच्या उत्तरार्धाची चाहते प्रतीक्षा करीत आहेत.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही, परंतु ज्याने हा गेम खेळला आहे त्याला ते त्या गेमविषयी आहे असे मुळीच वाटणार नाही. जाणकारांनी एकेका शब्दावर मत द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद (शिवाजी पेठ)

‘क्रीडामालिका’ आधी काढून टाकावा, कारण तो वाचून कोणालाही भारत-इंग्लंड कसोटी सामनेच आठवतील. ‘गेम’ हा शब्द आता मराठी झाला आहे. त्याला पुल्लिंगी म्हणावे की स्त्रीलिंगी, एवढाच वाद शिल्लक आहे आणि तो या धाग्यावर मिटणार नाही.

‘नेमबाजी’बद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा शब्द कोल्हापूरकरांनी फार जपून वापरला पाहिजे असे मला वाटते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. त्यामुळे आपल्याकडे ‘नेमबाज’ म्हटले की श्वास रोखून, शरीर स्थिर करून एकेका गोळीचा हिशेब ठेवणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. माझा पुतण्या जे खेळतो त्यात तर गोळ्यांचा पाऊस पडतो आणि शरीर स्थिर ठेवणारा पहिल्यांदा मरतो. या दोन गोष्टींना एकच नाव देणे दोघांवरही अन्याय आहे.

बरे, ‘शूटिंगचा गेम’ म्हणावे तर तीही अडचण आहेच. जयप्रभा स्टुडिओच्या या गावात ‘शूटिंग बघायला गेलो होतो’ म्हणजे चित्रीकरण बघायला गेलो होतो, असाच अर्थ घेतला जातो. आणि वर्तमानपत्रातील ‘शूटर’ बहुधा सुपारी घेतलेला असतो. माझ्या मते ‘बंदुकीच्या चकमकींचा गेम’ असे सरळ लिहावे, म्हणजे कोशाची गरज पडत नाही.

प्रतिसाद (राजारामपुरी, प्रश्नकर्ता)

काकांचा मुद्दा मान्य आहे, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. या गेममध्ये नेम अजिबात लागत नाही असे नाही. शत्रूच्या डोक्यावर किंवा त्याच्या मर्मस्थानी गोळी बसली तर जास्त इजा होते आणि चांगला खेळणारा तेच साधत असतो. पण तो धावता धावता, उडी मारता मारता, चार बाजूंनी हल्ला होत असताना साधतो, हा फरक आहे. ‘चकमक’ हा शब्द मला आवडला. खेळणारी मुले आपापसात ‘शूटर गेम’ असेच म्हणतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘चकमकींचा गेम’ असा खुलासा करून पुढे ‘शूटर’ ठेवतो.

प्रतिसाद (शाहूपुरी)

मला मुख्य आक्षेप ‘अतिरंजित’ या शब्दावर घ्यायचा आहे, कारण बाकीचे शब्द बदलले आणि हा तसाच राहिला तर टिपणाचा सूरच चुकेल. ‘अतिरंजित’ हा दोषारोपाचा शब्द आहे. बातमी अतिरंजित असते, साक्ष अतिरंजित असते, एखाद्याने सांगितलेली पराक्रमाची हकिकत अतिरंजित असते. म्हणजे जिथे सत्य सांगण्याची अपेक्षा होती आणि सांगणाऱ्याने तिखटमीठ लावले, तिथे तो शब्द येतो. ‘बॉर्डरलँड्स’ने सत्याचा दावा कधी केलेलाच नाही. त्यातील चित्रे मुद्दाम जाड काळ्या रेषांनी, कॉमिक्ससारखी काढलेली आहेत, आणि एका चाकावर फिरत अखंड बडबड करणारा क्लॅपट्रॅप नावाचा यंत्रमानव पहिल्या भागापासून सोबत आहे.

या गेमचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर त्यातील टेडिओर या काल्पनिक कंपनीची बंदूक पाहावी. इतर गेममध्ये गोळ्या संपल्या की खेळाडू मॅगझिन बदलतो. इथे दुसऱ्या भागापासून रिकामी झालेली बंदूकच शत्रूच्या अंगावर भिरकावली जाते, ती बॉम्बसारखी फुटते आणि त्याच क्षणी हातात नवी कोरी बंदूक अवतरते. तिसऱ्या भागात यावरही कडी म्हणून फेकलेल्या काही बंदुकांना पाय फुटतात आणि त्या शत्रूच्या मागे धावत सुटतात. तिसऱ्या भागाच्या जाहिरातीत एक अब्जाहून अधिक बंदुका असल्याचे सांगितले होते. संगणक सुटे भाग वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवून या बंदुका तयार करीत असल्यामुळे हा आकडा निघतो. हे सगळे करणाऱ्यांनी ‘आता अति होत आहे’ हे ओळखूनच केलेले आहे. जे ठरवून अति केले जाते, त्याला दोष म्हणता येत नाही.

म्हणून माझी पसंती ‘अचाट’ या शब्दाला आहे. त्यात मर्यादा ओलांडल्याची कबुली आहे आणि कौतुकही आहे. अचाट साहस, अचाट कल्पना, अचाट धाडस ही आपली रूढ योजना आहे, आणि ‘काहीतरी अचाटच’ असे म्हणताना बोलणारा हसतही असतो. ‘भडक’ हा रंगांपुरता ठीक आहे, ‘बेफाम’मध्ये ताबा सुटल्याचा अर्थ येतो, तर ‘अतरंगी’ हे विशेषण क्लॅपट्रॅपला शोभेल, संपूर्ण गेमला नाही. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग देवनागरीत तसाच ठेवू नये, हेही जाता जाता सांगतो. त्याची आद्याक्षरे ‘ओटीटी’ अशी होतात आणि घरोघरी ओटीटी म्हणजे मोबाईलवर बघायच्या वेबमालिका, असा अर्थ पक्का बसला आहे.

प्रतिसाद (कसबा बावडा)

‘अचाट’ उत्तमच आहे, परंतु कोल्हापूरच्या भित्तिपत्रकात ‘जाळ आणि धूर संगटच’ का चालू नये? इतका चपखल शब्दप्रयोग घरात असताना पुस्तकी विशेषण कशाला शोधायचे? नाही तर ‘नाद खुळा’ तरी घ्यावा.

प्रतिसाद (शाहूपुरी)

‘जाळ आणि धूर संगटच’ ही दाद आहे. ती गेम खेळून झाल्यावर उत्स्फूर्तपणे तोंडातून यावी. अजून न आलेल्या गेमला ती आधीच देणे म्हणजे जेवण्यापूर्वी ढेकर देण्यासारखे होईल. ‘नाद खुळा’बद्दल तर असे म्हणेन की नाद हा खेळणाऱ्याला लागलेला असतो. तेव्हा त्याचे वर्णन करताना हा शब्दप्रयोग अवश्य वापरावा, गेमचे वर्णन करताना नको.

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

‘उत्तरार्ध’ हा शब्द कोणीतरी सुचवला आणि कोणीच हरकत घेतली नाही, याचे आश्चर्य वाटते. अर्ध म्हणजे निम्मा. ज्याचे दोनच भाग आहेत त्याला पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असतो. चौथ्या भागाला उत्तरार्ध म्हणायचे तर आधीच्या तिघांनी मिळून पूर्वार्धात दाटीवाटीने बसावे लागेल. ‘पुढचा भाग’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

मात्र ‘पुढचा’ म्हणजे कशाच्या पुढचा, हे या प्रकारच्या मालिकांत सांभाळावे लागते, कारण क्रमांक आणि कथा यांची दिशा दर वेळी एक नसते. क्रोएशियातील क्रोटीम या कंपनीची ‘सीरियस सॅम’ ही मालिका अशीच अचाट आहे. तिच्यात डोके नसलेला शत्रू दोन्ही हातांत बॉम्ब घेऊन, डोके नसूनही किंचाळत अंगावर धावून येतो. पहिला गेम २००१ चा. २०११ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या गेमची कथा त्या पहिल्याच्या आधी घडते, आणि २०२० च्या चौथ्याची कथा तिसऱ्याच्याही आधी. आकडा वाढत गेला आणि कथा मागे मागे सरकत गेली. अशा ठिकाणी क्रमाने आलेला तो ‘पुढचा भाग’ आणि कथेने आधीची ती ‘पूर्वकथा’, असे दोन वेगळे शब्द ठेवले तर घोटाळा होत नाही.

‘बॉर्डरलँड्स’नेही या गोंधळाची थट्टा केलेली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली कथा सांगणारा गेम त्यांनी २०१४ मध्ये काढला आणि त्याचे नावच ‘द प्री-सीक्वेल’ ठेवले. याचे भाषांतर करण्याच्या फंदात कोणी पडू नये. ‘पूर्वोत्तर भाग’ असे लिहिले तर वाचक थेट आसामला जाऊन पोहोचेल.

प्रतिसाद (शिवाजी पेठ)

फॅन म्हणजे ‘चाहता’ हे कोशात ठीक आहे. चाहता हा बहुधा व्यक्तीचा असतो, नटाचा किंवा गायकाचा. आपल्याकडे खासबाग मैदानात बसून डाव ओळखणाऱ्याला ‘कुस्तीशौकीन’ म्हणतात, आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवणाऱ्याला ‘समर्थक’ म्हणतात. शौकिनाला खेळातले कळते. समर्थकाला ते कळलेच पाहिजे असे नाही, त्याची बाजू ठरलेली असते. आमचा पुतण्या आणि त्याचे मित्र गेले काही महिने चौथ्या भागातील व्हेक्स, राफा, अमॉन आणि हार्लो या चार पात्रांपैकी कोणाला घ्यायचे, कोणाचे कौशल्य कोणत्या बंदुकीबरोबर जुळेल, असा खल करीत बसलेले असतात. ते शौकीन आहेत. ‘गेमशौकीन’ हा जोडशब्द कोणालाही अडणार नाही.

प्रतिसाद (ताराबाई पार्क)

आता शेवटच्या शब्दांविषयी. ‘प्रतीक्षा’ हा शब्द रुग्णालयाच्या आणि रेल्वेच्या कक्षांवर लिहून लिहून निर्जीव झाला आहे. त्यात वेळ काढणे आहे, ओढ नाही. गेमशौकिनांच्या मनःस्थितीला ‘उत्कंठा’ जवळचा आहे, आणि क्रियापद हवे असेल तर ‘डोळे लावून बसले आहेत’ किंवा साधे ‘वाट बघत आहेत’ घ्यावे. पुस्तकी भाषेत ‘वाट पाहणे’ म्हणतात, परंतु कोल्हापुरात वाट बघितलीच जाते, आणि ते लिहायला संकोच करण्याचे कारण नाही.

उत्कंठा किती काळ टिकते, याचेही भान शब्द निवडताना ठेवावे. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ हा याच जातकुळीतला गेम १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये, म्हणजे एक तप उलटून वर दोन वर्षे गेल्यावर, बाजारात आला. अखेरीस तो पुरा करून देणारी कंपनी गिअरबॉक्सच होती, हा योगायोग टिपणात घालण्यासारखा आहे. एवढ्या काळात उत्कंठेची आधी काळजी झाली आणि काळजीची टिंगल झाली. त्या गेमसाठी मराठीत ‘रखडला’ हेच क्रियापद योग्य आहे आणि रस्ते, पूल व नाट्यगृहे यांच्यामुळे ते आपल्या चांगले परिचयाचे आहे.

‘बॉर्डरलँड्स ४’च्या बाबतीत उलटे घडले. आधी २३ सप्टेंबर ही तारीख जाहीर झाली होती, ती बदलून १२ सप्टेंबर करण्यात आली. लांबण्यासाठी आपल्याकडे ‘पुढे ढकलणे’, ‘लांबणीवर टाकणे’, ‘रेंगाळणे’ असे शब्द भरपूर आहेत. तारीख आधी आणण्याला मात्र तयार शब्द चटकन सापडत नाही. ‘तारीख पुढे आणली’ असे काही जण लिहितात, त्याचा अर्थ निम्मे वाचक नेमका उलटा घेतात. ‘तारीख अलीकडे घेतली’ हे लग्नघरातील शब्द वापरावेत, ते निःसंदिग्ध आहेत. आमच्या सासूबाईंचे यावर वेगळेच म्हणणे पडले. २३ तारीख नवरात्रातील दुसऱ्या माळेची होती, ती सोडून या लोकांनी ऐन पितृपक्षात खरेदी आणून ठेवली, हे त्यांना अजिबात पटलेले नाही.

प्रतिसाद (राजारामपुरी, प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. अजून दोन शब्द अडले आहेत. या प्रकारच्या गेमला ‘लूटर शूटर’ म्हणतात, कारण शत्रू पडला किंवा पेटी उघडली की बंदुका बाहेर सांडतात आणि त्या गोळा करणे हाच निम्मा खेळ असतो. बंदूक किती दुर्मीळ आहे ते पांढरा, हिरवा, निळा, जांभळा आणि सर्वांत वरचा नारिंगी अशा रंगांवरून कळते. नारिंगी प्रकाशाचा खांब दिसला की सोबतचे तिघे लढाई टाकून तिकडे पळतात. याला ‘लूट’ म्हणावे का? संपादक मंडळाला तो शब्द गुन्हेगारीचा वाटतो. दुसरा शब्द म्हणजे ‘ट्रिगर’.

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

लूट अवश्य म्हणावे. इंग्रजीने हा शब्द आपल्याकडूनच, हिंदीतून नेला, तो परत घेताना परवानगी कसली मागायची? आणि दसरा चौकात शाही दसऱ्याला हजारो कोल्हापूरकर सोने लुटतात, तेव्हा कोणावरही गुन्हा नोंदवला जात नाही. ‘लुटणे’ला आनंदाचा अर्थ आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ‘लुटारू’ मात्र टाळावा, तिथे संपादक मंडळाचे म्हणणे बरोबर ठरेल.

ट्रिगरला ‘चाप’ हा लेखी शब्द आहे आणि ‘घोडा’ हा बोलण्यातला. पण ही मुले बंदूक हातात धरत नाहीत. कंट्रोलरच्या मागच्या बाजूचे बटण दाबतात, आणि दाबल्यावर चालू होणाऱ्या कळीला आपण खटका म्हणतो. तेव्हा ‘खटका’ लिहावे. मथळा हवा असेल तर ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ हा आपल्याकडचा वाक्प्रचार तयारच आहे. संपादक मंडळाने त्यावर शुद्धलेखनाची लाल रेघ मारली, तर ‘जाग्यावर’चे ‘जागेवर’ करून द्यायला माझी हरकत नाही.